आल्फा २००० जीटीव्ही घेताना: पत्रा, कागद आणि फळीवरचे सुटे भाग

जाहिरातीत लिहिलं होतं, 'आल्फा रोमिओ २००० जीटीव्ही, १९७३, सुधारणा केलेली, रूप मूळचं.' जुन्या इटालियन गाडीबद्दल असं काही वाचलं की मी आधी सावध होतो. सुधारणा म्हणजे बहुतेक वेळा कापून रुंद केलेले मडगार्ड, तोकड्या केलेल्या स्प्रिंगा आणि भंगारात गेलेले मूळ भाग. तरी ही गाडी बघायला गेलो ते एका फोटोमुळे. गॅरेजच्या फळीवर काढून ठेवलेले मूळ भाग ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकाला चिठ्ठी होती.

मी म्युनिकला राहतो. गाडी आऊग्सबुर्गजवळच्या एका गावात, मालक एक निवृत्त गृहस्थ. फोनवर त्यांना एकच विनंती केली, "आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका." दोन डबल कार्बोरेटरचं इंजिन थंड असताना कसं उठतं आणि गियर थंड असताना कसा पडतो, यावरून जे कळतं ते तापलेल्या गाडीत लपून जातं.

लहानपणी आमच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळ फियाटच्या आराखड्याची प्रीमियर पद्मिनी होती. इटालियन गाडीची ओढ तिथलीच. पण जीटीव्ही हे प्रकरण वेगळं. गाड्यांची बॉडी आखणाऱ्या बेर्तोने कंपनीकडे काम करणाऱ्या जॉर्जेत्तो जुजारोने हा आकार काढला तेव्हा तो विशीतला होता. गाडी १९६३ मध्ये बाजारात आली आणि २००० चं रूप १९७१ मध्ये. १९६२ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट, पाच गियर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सुमारे १३० अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या थोडंच वर. त्या काळी रोजच्या वापराच्या गाडीत एवढं सगळं देणं ही मोठी गोष्ट होती.

सोबत माझा कोल्हापूरचा मित्र होता. वडिलांच्या गॅरेजात डेंटिंगचं काम बघत वाढलेला. मी बॉनेटकडे वळलो तसा म्हणाला, "इंजिन पळून जात नाही रे. आधी खाली वाक."

त्याचं बरोबर होतं. या गाड्यांत इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा माणसाला बुडवतो. दाराखालचा सिल तीन थरांचा असतो. पाणी आत साचतं, बाहेरचा थर चकचकीत राहतो आणि मधला संपलेला असतो. मित्राने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल टोकापासून टोकापर्यंत ठोकत नेला. आवाज सगळीकडे सारखा, टणक. मग जॅक लावायच्या जागा, समोरच्या काचेचा खालचा कोपरा, दारांची खालची कड, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र बरोबर नेलं होतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. दारांवर थोडं जास्त आलं, म्हणजे एकदा रंगकाम झालेलं. मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्यावर मात्र आकडा ९०० च्या पुढे गेला. तिथे लांबी (पुट्टी) भरलेली होती. गृहस्थांनी काही न बोलता एक जाड फाइल आणली. त्यात त्याच जागेचे, जुना पत्रा कापून नवा जोडतानाचे फोटो होते. लांबी जोडावर होती, भोकावर नव्हती. मला तेवढं पुरलं.

इंजिन चोक न ओढता, ॲक्सिलरेटर चार-पाच वेळा दाबून उठलं. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस नव्हता. या इंजिनात हेड आणि ब्लॉकमधल्या रबरी रिंगा दमल्या की तेल आणि पाणी एकमेकांत जातं, म्हणून ते बघायचंच. तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना गियरबॉक्स करकरला. दुसऱ्याचा सिंक्रो, म्हणजे गियर न करकरता पडू देणारा भाग, हे या गाडीचं जुनं दुखणं. तेवढ्यावर किंमत थोडी खाली आली.

सुधारणा अशा होत्या: ब्रेकर पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला विजेचा पंखा, कोनी कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि १५ इंची चाकं. एकाही गोष्टीसाठी पत्र्याला भोक पाडलेलं नव्हतं. सगळं पान्याने काढून जुनं परत बसवता येणारं. माझ्या लेखी चांगल्या सुधारणेची खूण हीच.

खरी कसोटी मात्र कागदांची होती. चॅसी क्रमांकाचा १०५.२१ हा उपसर्ग डावीकडे स्टिअरिंग असलेल्या २००० जीटीव्हीचाच. तो कागदांशी जुळला. पण गाडी बरीच वर्षं नोंदणीतून काढलेली होती आणि मला जर्मनीत जुन्या, जपलेल्या गाड्यांना मिळणारी 'एच' नंबर प्लेट हवी होती. त्यासाठी गाडी किमान ३० वर्षांची, चांगल्या स्थितीतली आणि बहुतांशी मूळची लागते. बदल चालतात, पण ते गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत रूढ असलेल्या प्रकारचे हवेत. फरक मोठा आहे: या प्लेटवर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या दोन लिटरला पाचशेच्या वर. शिवाय शहरातल्या प्रदूषण-निर्बंधित भागांत जायला मोकळीक.

तपासणीच्या साहेबांनी इग्निशन, पंखा आणि शॉक ॲब्सॉर्बरवर हरकत घेतली नाही. चाकांपाशी थांबले. १५ इंची चाकं कागदावर कुठेच नव्हती. एक तर ती किती भार पेलतात याचा दाखला आणायचा आणि नोंद करून घ्यायची, नाहीतर मूळ चाकं लावायची. दाखला मिळेना. गृहस्थांना फोन केला. फळीवर ५.५ इंच रुंदीची १४ इंची मूळ चाकं होतीच. व्यवहार कधीच पूर्ण झाला होता, तरी त्यांनी ती स्वतः आणून दिली. टायर मात्र तडकलेले होते, म्हणून १६५ एचआर १४ मापाचे नवे घेतले. पुढच्या खेपेला शिक्का मिळाला. आणि खरं सांगायचं तर बारीक टायरवर स्टिअरिंग जास्त हलकं आणि बोलकं झालं. ती १५ इंची चाकं मी पुन्हा लावणार नाही.

विम्यासाठी स्वतंत्र मूल्यांकन करून घेतलं. इथे स्थिती १ ते ५ अशा श्रेणीत धरतात. हिला २ मिळाली, आणि मूल्यांकन करणाऱ्याने अहवालात सुट्या भागांची यादीही जोडून घेतली. गियरबॉक्स हिवाळ्यात उतरवायचा आहे. तोवर तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसरा टाकतो.