नाही, औषधी नाही

आमच्या माळावरच्या डबक्यात आयसोइटिस नावाची गवतासारखी वनस्पती आहे, ती राहावी म्हणून मी धडपडते. ती औषधी आहे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्हीच असं नाही, आमच्या लातूरकडे भेटेल तो विचारतो: बाई, त्या डबक्यातलं गवत औषधी आहे का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग एवढा जीव कशाला आटवता?

औषधी नाही. खायचं नाही, विकायचं नाही. एकाने सुचवलं, आहे म्हणून सांगा, लोक जपतील. सांगितलं असतं तर आठवड्यात सगळं कंदासकट कोणाच्या तरी काढ्यात गेलं असतं.

आयसोइटिस. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांनी प्रॅक्टिकलला पाहिलं असेल, बहुधा बरणीत. लसणाच्या पातीसारखा झुबका. फूल नाही, बी नाही. पान आडवं कापलं की आत चार पोकळ नळ्या दिसतात. फुगलेल्या बुडाशी बीजाणू, म्हणजे बीचं काम करणारे कण: काही पानांत नुसत्या डोळ्यांना दिसणारे पांढरट दाणे, काहींत नुसती धूळ. दगडी कोळसा ज्या जंगलांचा झाला, त्यांतल्या तीस-तीस मीटर उंच झाडांच्या नात्यातलं हे. कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, लोक तिकीट काढून फुलं बघतात. इथे फूलच नाही, तर बघणार काय?

आणि खरं सांगायचं तर आमच्या माळावरची जात देशात इतरत्रही आहे. पाचगणीच्या पठारावरच्या आयसोइटिस दीक्षितीसारखी गोष्ट नाही. पण मी फिरते त्या शिवारात मला ती या एकाच डबक्यात ठाऊक आहे. तेवढं पुरत नसेल, तर माझ्याकडे दुसरं कारण नाही.

2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात गावाने डबकं खोल करायचं ठरवलं. मी पोचले तेव्हा जेसीबी चालू होता आणि गाळ न्यायला ट्रॅक्टरांची रांग लागली होती. फुकटचा गाळ, कोण सोडतो? कंद आणि बीजाणू त्या गाळातच. मी सरपंचांना म्हटलं, कातळाकडचा उथळ काठ तेवढा ठेवा. ते भले गृहस्थ, ‘किती जागा?’ म्हणून विचारत होते. मी समजावत होते, आत्ता वर काही दिसत नाही, पण कंद सुकल्या मातीत जिवंत असतो, पावसाळ्यात पुन्हा पान धरतो. टँकरची वाट बघत घागर घेऊन बसलेली एक बाई ऐकत होती. म्हणाली, ‘बाई, तुमचं गवत कोरड्यातबी जित्तं ऱ्हातं म्हणता. आमी नाही ऱ्हात.’

कोणी हसलं नाही. ड्रायव्हर मशीन चालूच ठेवून माझ्याकडे बघत होता. मी इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण त्या बाईला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. आजही नाही.

काठाचा एक पट्टा राहिला. माझ्या बोलण्याने राहिला की खाली कातळ लागला म्हणून, हे मी ड्रायव्हरला विचारलं नाही.

पूर्वी मी भाषणांत ठोकून सांगायचे, गावाचं आणि झाडाचं हित एकच असतं. ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही पडतात. खोल खड्ड्यात पाणी टिकलं, जनावरं प्यायली, हे मी पाहिलंय. आयसोइटिसला मात्र आर्द्रात भरणारं आणि दिवाळीनंतर आटणारं उथळ पाणी लागतं. एका खड्ड्यात दोन्ही कसं जमवायचं, सांगा. काठ मागितला ते बरोबरच केलं असं मला वाटतं. ती बाई बोलली तेही बरोबर वाटतं. यावर कोणी ‘समतोल’ म्हणालं की मी उठून जाते.

जागा मात्र कोणाला सांगत नाही, कॉलेजांना तर नाहीच. प्रॅक्टिकलच्या नावाखाली पोरं झुबकेच्या झुबके पिशवीत भरून नेतात, तास संपला की कचऱ्यात. बघायचंच असेल तर श्रावणात माझ्याबरोबर या. चिखलात उतरावं लागेल, आणि वर्गभर पोरांत पान एकच मिळेल.