कणकुंबी ते सौंदत्ती: मलप्रभेच्या सोबतीनं, आणि बाइकला बॅगा कुठल्या बांधाव्यात

बेळगावातून बाइक बाहेर काढली की गाडी आपसूक चोर्ल्याकडं वळते आणि घाट उतरून गोव्यात जाते. आम्ही कणकुंबीपर्यंत त्याच रस्त्यानं गेलो आणि तिथून मागं फिरलो. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावते, खानापूर शहराला लागून वाहते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. तेवढा टप्पा नदीच्या कलानं करायचा, असा बेत होता. सोबत मावसभाऊ, त्याच्या वेगळ्या बाइकवर. माझ्या गाडीला सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगा, त्याच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या.

सामानाबद्दल इतकं लिहायचं कारण हा रस्ताच आहे. भाद्रपदात जांबोटीच्या पुढं पाऊस उभा कोसळत असतो आणि त्याच आठवड्यात सौंदत्तीच्या माळावर धूळ उडत असते. एकाच जिल्ह्यात बॅगेची दोन्हीकडून परीक्षा होते. इथं टिकलेली बॅग पुढं कुठंही न्या.

बेळगाव ते जांबोटी साधारण 30 किलोमीटर. तिथून पुढं भीमगड अभयारण्याचं रान सुरू होतं, आणि पाऊसही. बॅगेवर चढवायचं रेनकव्हर इथं कामाला येत नाही, हे ठामपणे सांगतो. वाऱ्यानं ते फुगतं, मागच्या चाकाचं पाणी खालून आत शिरतं आणि तळाशी साचून राहतं, म्हणजे बॅग चक्क पाण्यात बसते. पाणी अडवायचं ते बॅगेच्या आत. बाजारात जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या किलोवर मिळतात. त्यात कपडे घाला, हवा दाबून काढा, तोंडाला तीन घड्या मारा आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून करकचून बांधा. बाहेरची बॅग भिजली तर भिजू दे. कणकुंबीला माउलीचं दर्शन घेऊन देवळाच्या आडोशाला बॅग उघडली तेव्हा कापड ओलं गच्च होतं आणि आतला टॉवेल कोरडा होता. तोंड गुंडाळून बंद करायच्या वॉटरप्रूफ बॅगा घेतल्या तर हा सगळा खटाटोप वाचतो, पण त्या महाग पडतात आणि रस्त्यात एखादी वस्तू पटकन काढता येत नाही. म्हणून रेनकोट मात्र कधीही बॅगेत कोंबू नका. तो सगळ्यात वर, पट्ट्याखाली हवा.

आता वजन. दुकानात सगळे लिटर विचारतात. कुठलं सामान कुठं ठेवणार, हे फार थोडे विचारतात. मागच्या कॅरिअरवरचं सामान मागच्या चाकाच्या आसाच्याही मागं जातं. तिथं जड वस्तू ठेवली की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटाच्या वळणावर हँडल तरंगल्यासारखं वाटायला लागतं. पाने, पंक्चरचं किट, कुलूप, पाण्याच्या बाटल्या हे सगळं सॅडलबॅगेच्या तळाशी, सीटला जितकं जवळ ठेवता येईल तितकं जवळ. मागच्या कॅरिअरवर बांधायच्या टेलबॅगेत फक्त कपडे आणि चादर. दोन्ही बाजू सारख्या भरल्यात का, ते हातात उचलून कळत नाही, ताणकाट्याला लावून बघा. सामान चढवल्यावर मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करा आणि मागच्या टायरमध्ये डबलसीटसाठी कंपनीनं दिलेली हवा भरा.

सायलेन्सरच्या बाजूची बॅग हा वेगळाच विषय आहे. रिकामी बॅग दुकानात छान लटकते. भरली की खाली बसते आणि खड्ड्यात सायलेन्सरला टेकते. नायलॉन वितळायला एक लांब चढ पुरतो. त्यासाठी सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला सायलेन्सरपासून दूर धरणारा दांडा, हवाच. तयार मिळतो, पण बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं गाडी घेऊन गेलात तर तो रॉड वाकवून गाडीच्या मापाचा करून देतो. बॅगा भरून, गाडीवर टाकूनच माप द्या. इंडिकेटर, मागचा दिवा आणि नंबरप्लेट झाकली जात नाही, हे तिथंच बघून घ्या.

खानापुरात मुक्काम केला. सकाळी हलशी. कदंबांची ही जुनी राजधानी, आणि भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला तासभर तरी हाताशी ठेवा. गावात शिरतानाच पेट्यांच्या रुंदीची अडचण कळली. समोरून बैलगाडी आली की मी कडेला सरकत होतो, भाऊ मात्र थांबून राहत होता. चिखलात गाडी घसरली आणि पाय खाली टेकला तर पेटी पोटरीवर येऊ शकते, ही भीती मला जास्त वाटते. पेटीचा फायदाही खराच आहे: कुलूप लावलं की निर्धास्त. आम्ही देवळात असताना माझं अर्धं लक्ष गाडीकडं होतं, त्याचं नव्हतं. महामार्गावरून जाणार असाल, लॉजवर उतरणार असाल तर पेट्या घ्या. खानापूर तालुक्यातल्या आतल्या रस्त्यांवर कापडीच.

नंदगडला, कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या रायण्णांच्या समाधीपाशी थांबलो. 1831 साली संगोळ्ळी रायण्णांना इथंच फाशी दिलं. पुढं कित्तूर, आणि मग बैलहोंगल, जिथं राणी चन्नम्मांची समाधी आहे. कित्तूरचा इंग्रजांविरुद्धचा 1824 चा लढा आणि त्याचा शेवट असा एकाच दिवसाच्या वाटेवर येतो. कित्तूरचा पडका वाडा घाईत उरकू नका.

बैलहोंगलच्या बाजारात माझ्या डाव्या बॅगेचा पट्टा शिवणीतून उसवलेला दिसला. फूटपाथवर बसलेल्या चप्पल शिवणाऱ्या काकांना दाखवला. “तडीरी,” म्हणजे थांबा, म्हणाले, हातातलं पायताण पूर्ण केलं, मग मेण लावलेला जाड दोरा काढून पट्टा दुहेरी शिवला, टोकाला चामड्याचा तुकडाही लावला. “दादा, माझ्या पेटीची कडी तुटली असती तर?” भावानं विचारलं. त्याला आधी वेल्डर शोधावा लागला असता, आणि अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग प्रत्येक गावात होत नाही. कापडी बॅग कुठल्याही बाजाराच्या गावी दुरुस्त होते, माझ्या लेखी हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

बैलहोंगल सोडलं की काळी माती. कोरड्यात ती पिठासारखी बारीक उडते आणि बॅगेच्या चेनमध्ये बसते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर तिच्यात भंडारा मिसळतो. खाली उतरेपर्यंत माझ्या बॅगेच्या चेनचे दात पिवळे झाले होते आणि रनर अडकायला लागला होता. जोर लावू नका, दात तुटतात. जुन्या टूथब्रशनं झाडा आणि मेणबत्ती घासा. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला वर गर्दी असते. त्या दिवशी जाणार असाल तर बॅगा सौंदत्तीत खोलीवर ठेवून मोकळ्या गाडीनं वर जा. धरण मग परतताना संध्याकाळी बघा.

बांधायला ताणणाऱ्या बंजी वापरू नका. खड्ड्यात बॅग उसळते, हूक निसटतो, आणि तो चाकात गेला तर गाडी जागेवर अडकते. बकलचे न ताणणारे पट्टे घ्या आणि उरलेली टोकं गुंडाळून बांधा. दिवाळीनंतर जाणार असाल तर या सगळ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, कितीतरींना मागं दिवा नसतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, आणि बॅगांच्या मागच्या अंगाला रेडियमची पट्टी शिवून घ्या. चिकटवलेली पहिल्या पावसात निघते.