हजेरीपटासाठी गोधडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘बाई, गोधडीचा एवढा नाद कुठून लागला?’ हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटीत, चर्चच्या आवारात, कुठेही गाठतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं: आजीचा वारसा, निवृत्तीनंतरचा विरंगुळा, नाहीतर प्रभूची सेवा. कुणी तर लगेच साने गुरुजींचं नाव काढतं आणि मला तिथून पळावंसं वाटतं. खरं उत्तर बरंच रुक्ष आहे. मी गोधडी शिवायला बसले ती हजेरीपटासाठी.

माझी सगळी नोकरी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. तिकडे शाळा जूनमध्ये भरते आणि दिवाळीनंतर अर्धी रिकामी होते. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली घरं सण आटोपला की ट्रकमध्ये बसतात आणि नवापूरमार्गे गुजरातेत, व्यारा-बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. उचल मिळते कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. दोघं फडात राबणार, मग तान्ह्याला कोण सांभाळणार? सात-आठ वर्षांची बहीण. माझ्या पटावर मुलींच्या नावापुढे आधी गैरहजेरी लागायची ती यामुळे. ‘पोरीला शिकवायचंच नाही’ असं म्हणणारा बाप मला क्वचितच भेटला. भाषणांत मात्र तो नेहमी भेटतो.

ट्रक यायच्या आधी मी घरोघर फिरायचे. पोराला आजीजवळ ठेवा, एवढंच मागणं. 1995 मध्ये पोषण आहार आला तेव्हा थोडं बळ मिळालं. सुरुवातीला शाळेत खिचडी शिजत नसे; 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला 3 किलो तांदूळ घरी जायचा. नातवाला ठेवून घ्यायला म्हातारीला तेवढा आधार पुरे व्हायचा. अडायचं ते रात्री. घरातली बरी पांघरुणं आईबापांबरोबर फडावर गेलेली असत. आणि मे महिन्यात भाजून काढणारा आमचा धुळे जिल्हा डिसेंबर-जानेवारीत 6-7 अंशांपर्यंत उतरतो. एका म्हातारीने मला दारातच ऐकवलं, ‘रातले पोऱ्याले थंडी वाजस, बाई.’ यावर शाळेच्या कुठल्याच परिपत्रकात उत्तर नव्हतं.

गोधडी शिवणं मला माझ्या आईकडून येत होतं. जाणाऱ्या प्रत्येक आईकडून मी एक जुनं लुगडं मागून घेऊ लागले. जुनंच हवं, आणि सुतीच. नवं कापड कडक असतं, सुई अडते; वापरून, धुऊन मऊ झालेलं नऊवारी अंगाला लागतं आणि घामही टिपतं. खाली अस्तर, मधे पोटात फाटकी धोतरं, वर लुगड्याचा चांगला राहिलेला भाग. जमिनीवर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आधी कच्चे टाके घालायचे आणि मग काठाकडून आत आत धावदोरा. पोटातल्या कापडाला सुरकुती राहिली की ती पोराच्या पाठीला टोचते, म्हणून ताणून बसवायला दोघी लागतात. पुढे बायका पातळ, झुळझुळीत साड्या आणून देऊ लागल्या. त्या मी परत करायचे. मुलं चुलीपाशी निजतात. ठिणगी उडाली तर नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

दुसरे हात मिळाले ते चर्चमध्ये. आमची मंडळी, म्हणजे चर्चमधला समाज, लहान. रविवारची उपासना संपली की बायका ओट्यावर गोधडी पसरायच्या, दोऱ्याचा खर्च महिला मंडळाच्या पेटीतून व्हायचा. गाणं चालूच असे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं टाक्याला फार बरी, अभंगाच्या चालीवर हात आपोआप पळतो. इंग्रजी चालीची गीतं लांबवून म्हणावी लागतात, तिथे सुई रेंगाळते.

गावात कुजबुज व्हायची ती झालीच, की बाई पांघरुण देऊन पोरं बाटवणार. सरपंच शाळेत आले. मी म्हटलं, ‘दादा, गोधडी उलटून बघा, सगळी लुगडी तुमच्याच गावातली आहेत.’ ते हसले, पण मी त्याच दिवशी ठरवलं: गोधडी शाळेतून जाईल, तिच्यावर चर्चचं नाव नाही आणि नाताळच्या कार्यक्रमात वाटप नाही. मंडळीतल्या काहींना हे लागलं. आपण चांगलं काम करतो तर लपवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं साधं होतं. माझा पगार जिल्हा परिषदेचा, आणि वर्गातलं पोर माझ्यासमोर बाराखडीला बसलेलं असतं. प्रार्थना मी माझी घरी पहाटे करते, अजूनही.

गोधडीमुळे सगळी मुलं थांबली, असं मात्र कुणाला सांगू नका. पाठीवर तान्हं भावंड असलेल्या मुली जायच्या त्या गेल्याच. थांबली ती बहुतेक मुलगे, आणि ज्या मुलींच्या घरी धट्टीकट्टी आजी होती त्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विकत द्याल का? नाही. मजुरी धरली तर ती सोलापुरी चादरीच्या कितीतरी पट महाग पडेल आणि तुम्ही घासाघीस कराल. शिवून मात्र देईन. तुमच्या घरातली जुनी सुती लुगडी, धोतरं धुऊन आणा, दोऱ्याचे पैसे द्या आणि मधलं पोट ताणायला अर्धा दिवस माझ्यासमोर बसा. फक्त गणपतीनंतर दिवाळीपर्यंत येऊ नका. तेव्हा ट्रक यायच्या आधी मुलांच्या गोधड्या पुऱ्या करायच्या असतात.