वऱ्हाडे एकवीस, वऱ्हाडे चोवीस

पाणंदीवर मुरूम टाकायचं ठरलं आणि वर्गणीचा हिशेब माझ्या गळ्यात पडला. पडला म्हणजे मीच तो ओढून घेतला. चांदूर बाजारकडची आमची काळी माती. मृगाचे दोन पाऊस झाले की बंडी आखापर्यंत फसते आणि खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात. त्यामुळे वर्गणीला कोणी नाही म्हणालं नाही. प्रत्येकाने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी नाव, मग स्वल्पविराम, मग रक्कम लिहायची असं ठरलं. खजिनदार भाऊ म्हणाले, "माह्यी वही हाय ना. तू कायले डोकं फोडून राह्यला?" पण भाच्याने सोडून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली बसवली होती, आणि हातात नवा विळा आला की माणूस दिसेल ते गवत कापत सुटतो.

ग्रुपवरची सगळी बोलणी फाइलीत उतरवून घेता येतात. त्यातून सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि हरवलेल्या गाईची चौकशी वगळून कामाच्या ओळी काढायला ग्रेप नावाचा लिनक्समधला छोटा प्रोग्राम. क्रमाने लावायला सॉर्ट. दोनदा आलेलं नाव एकदाच ठेवायला युनिक. हा युनिक आमच्या पारावरच्या माणसांसारखा आहे, लगतच्या शेजाऱ्यापलीकडे त्याला काही दिसत नाही. एकच नाव चार ओळी सोडून पुन्हा आलं तर तो ते निराळं धरतो. म्हणून आधी सॉर्ट, मगच युनिक.

यांना एकामागे एक जोडायला मधे एक उभी रेघ मारायची. तिला पाइप म्हणतात, आणि हे नाव मला फार आवडतं. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाइनीत बॅटरी तोंडात धरून ज्याने स्प्रिंकलरचे पाइप जोडलेत, त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेतल्या डग मॅकइलरॉयने १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता यायला हवेत, लागेल तसा पुढचा तुकडा बसवता यावा. प्रत्यक्ष पाइप यायला १९७३ उजाडलं, तो तिथल्याच केन थॉम्पसनने बसवला. आपल्याकडेही मंजूर झालेला पाइप शेतात पोचायला वेळ लागतोच.

बेरजेसाठी ऑक. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी १९७७ साली तो केला आणि आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं. मराठी घरात हे नाव मोठ्याने घेऊ नये. मी फोनवर भाच्याला "ऑक, ऑक चालव म्हणतो का?" असं विचारत होतो, तर माय स्वयंपाकघरातून लिंबू घेऊन धावत आली. "कोन ओकलं रे?"

ऑकने बेरीज सांगितली. वहीतल्या आकड्यापेक्षा ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. खजिनदार भाऊंनी वही मिटली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री एकेक ओळ तपासली. ज्यांनी हौसेने एक लिहून स्वल्पविराम देऊन तीन शून्यं काढली होती, त्यांची वर्गणी ऑकने एक रुपया धरली होती. कारण मीच त्याला स्वल्पविरामापाशी तोडायला सांगितलं होतं. 'एक हजार'मधला एक आकड्यात आणि हजार अक्षरात लिहिणाराही एक रुपयाचा धनी. पण मोठं भगदाड दुसरंच होतं. गावातल्या जुन्या लोकांनी रक्कम मराठी आकड्यांत लिहिली होती. ऑकला ते आकडे आकडे वाटतच नाहीत. पाचशे रुपये देवनागरीत लिहिले की त्याच्या लेखी शून्य. म्हणजे ज्यांनी शुद्ध मराठीत दिले, त्यांनी काहीच दिलं नाही!

यावर टीआर नावाची आज्ञा आहे, एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणारी. ती चालवली आणि पडद्यावर नवांचा पाऊस पडला. प्रत्येक नावात नऊ, काना-मात्रांच्या जागी नऊ, मधे फुटक्या चौकटी. टीआर अक्षरं बघतच नाही, बाइट बघते, म्हणजे मशीन अक्षर ज्या तुकड्यांत साठवतं ते तुकडे. आपलं एकेक अक्षर तीन-तीन बाइटांचं, आणि त्यातला पहिला सगळ्यांचा सारखाच. तोच तिने बदलला, त्यामुळे आख्खं गाव नऊ झालं. सेड नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला मात्र अक्षर कळतं. त्याला मराठी शून्यापासून नऊपर्यंतची रांग आणि इंग्रजी रांग समोरासमोर दिली, हजारांचे स्वल्पविराम काढायला लावले आणि तो हजार शब्द हाताने दुरुस्त केला. बेरीज वहीशी रुपयाला रुपया जुळली.

त्या भरात मी गावाच्या यादीतलं एकेक नाव ग्रेपने फाइलीत शोधून बाकीदारांची यादीही काढली आणि ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात वऱ्हाडे आडनावाचे एक आबाजी काठी घेऊन अंगणात.

"काहून रे पोरा, म्या पयल्याच दिवशी देले ना पैसे? मले बाकीदार काहून केलं?"

फाइल उघडली. त्यांची ओळ समोर, नाव समोर, रक्कम समोर. तरी ग्रेपला वऱ्हाडे सापडेना. आबाजींनी चष्मा लावून पडद्यावर बोट ठेवलं, "हे काय लिवलं हाय? वऱ्हाडेच ना?" वऱ्हाडेच होतं. गावाच्या यादीतलं आडनाव मोजलं तर एकवीस बाइट, आबाजींच्या फोनातून आलेलं चोवीस. दिसायला दोन्ही जुळी भावंडं.

तो फरक आपल्या त्या र मध्ये आहे, ज्याच्याशिवाय आम्हाला आमच्या मुलखाचं नावही लिहिता येत नाही. ऱ हे सबंध एक अक्षर म्हणून टाइप करता येतं. साधा र घेऊन खाली नुक्ता देता येतो. तिसऱ्या रीतीत र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. त्याला रुंदी नाही, शाई नाही, पण बाइट तीन. कोणत्या फोनाचा कीबोर्ड कोणती रीत वापरेल ते लिहिणाऱ्याला ठाऊकही नसतं. डोळ्याला एकच वऱ्हाड दिसतं, मशीनला तीन. वेगळ्या विदर्भावर इतकं बोललो आपण, वऱ्हाडाच्या या वाटण्या कोणी मोजल्याच नव्हत्या.

तिन्ही र एकाच साच्यात आणायला सेडच्या दोन ओळी पुरल्या. तेवढ्यात आबाजी चहा पिऊन, "तुह्या मशीनले माह्या नावाचा र शिकव," असं सांगून गेले. मी ग्रुपवर माफी मागितली, सुधारलेली यादी टाकली आणि खजिनदार भाऊंकडे शेवटची ताडणी करायला बसलो.

एक ओळ राहिली होती. रकमेच्या जागी एकाने लिहिलं होतं, 'मागच्या वर्षीइतकेच'.

"भाऊ, हे ऑकनं शून्य धरलं," मी म्हणालो. "मागच्या वर्षी किती होते यांचे? तेवढे वाढवून टाकतो."

त्यांनी मागच्या वर्षीची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि माझ्यापुढे सरकवली.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर धरलं त्यानं."