कुंडीखालचं जातं

काल दुपारी गॅलरीत मोगऱ्याची कुंडी जरा उन्हात सरकवायला गेले आणि खाली आजीच्या जात्याची तळी दिसली. दिसली म्हणजे काय, मीच ठेवलीय तिथे बारा वर्षांपूर्वी, कुंडीचं पाणी फरशीवर ओघळू नये म्हणून. टाकी लावून पाडलेले खड्डे मातीने पार बुजलेत.

आणि मला एकदम तो सेकिलोसचा दगड आठवला. तुर्कस्तानात आयदिनजवळ सापडलेला ग्रीक स्मृतिस्तंभ, हातभर उंचीचा, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, १८८३ साली रॅम्झी नावाच्या अभ्यासकाने तो उजेडात आणला. त्यावर एक गाणं कोरलंय, नुसते शब्द नाहीत, शब्दांच्या डोक्यावर सुरांची अक्षरंसुद्धा. स्वरलिपीसकट अख्खं टिकलेलं जगातलं हे सगळ्यात जुनं गाणं. जगतोयस तोवर झळक, उगाच कुढू नकोस, आयुष्य जरासंच आहे आणि काळ आपली वसुली करतोच, एवढंच त्यात. तर हा दगड पुढे रेल्वेच्या कामावरच्या एका इंग्रजाकडे गेला आणि त्याने बायकोच्या कुंड्या ठेवायला तो नीट उभा राहावा म्हणून बूड घासून सपाट केलं! त्यात शेवटची ओळ खराब झाली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते. आता कोणत्या तोंडाने बोलणार.

आजीचं गाणं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. बाबांनी एकदा टेपरेकॉर्डर आणला आणि तिला खुर्चीत बसवून म्हणाले, आई, म्हण आता ओव्या. आजीला एक ओळ आठवेना. हात मांडीवर, नजर त्या यंत्राकडे, जशी काय शाळेत उभी केलीय. शेवटी म्हणाली, अरे जातं तरी आण. दळायला काही नव्हतं तर मूठभर ज्वारी घातली, खुंटा हातात आला आणि मग जी सुटली ती थांबेना, त्यात सासूबाई आल्या, विठोबा आला, बाबांचं वेंधळेपण पण आलं. कॅसेटमध्ये घरघरच जास्त ऐकू यायची.

ग्रीकांचं असंच असावं असं मला वाटतं, हाताला काम लागलं की गाणं. लेस्बॉस बेटावरची एक दळणारी बाई काय म्हणायची ते प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय: दळ गं जात्या दळ, पिटाकोसही दळतो, मोठ्या मितिलिनीचा राजा तो. मितिलिनी हे त्या बेटावरचं शहर, आणि पिटाकोस म्हणजे जुन्या ग्रीकांच्या सात शहाण्यांपैकी एक बरं का. बाईने त्यालाही जात्याला बसवलं! टोमणा की कौतुक, ओव्यांमध्ये ते कधी कळतं का? युद्धाच्या गलबतांवर वल्ह्यांना ताल द्यायला ऑलोस नावाचं वाद्य वाजवणारा माणूस असायचा, स्पार्टावाले ऑलोसच्या तालावर पावलं टाकत लढाईला जायचे. (ऑलोसला बासरी म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, ते पत्तीचं वाद्य आहे, सनईच्या घराण्यातलं, आणि एकावेळी दोन नळ्या तोंडात. गाल फुगतात म्हणून अथेनादेवीने फेकून दिलं ते, वाजवणारे गालांवरून चामड्याचा पट्टा बांधायचे.) प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून ऑलोसला हाकललं, लायर हे तारांचं वाद्य ठेवलं. वल्ही मारणाऱ्यांना विचारलं असतं तर?

एवढ्या सगळ्या गाण्यातलं सुरांसकट उरलं काय, तर साठेक तुकडे, बहुतेक फाटके. वल्हं नाही, जातं नाही, नुसती अक्षरं.

कॅसेट कुठेय कोण जाणे, दोन घरं बदलली मधल्या काळात. तळी उचलून घरात आणावी म्हणून हात घातला तर हलेना, कंबर धरली तेवढी. कुंडी परत वर ठेवली. मोगऱ्याला ऊन तिथेच चांगलं मिळतं.