मस्त झालंय, बाबा

थोरली आज "मस्त झालंय, बाबा" म्हणाली तेव्हा तिने घास उचललाही नव्हता. मऊ भातावर कुळथाची पिठी नुकती वाढली होती, वाफ येत होती, तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली.

मग जेवली. व्यवस्थित जेवली, वर थोडा भातही मागून घेतला. धाकट्याने लसणाच्या पाकळ्या वेचून ताटाच्या बाहेर ओळीने लावल्या आणि अर्ध्यावर उठून गेला. आता दोघं झोपलीत. भांडी झाली, ओटा पुसून झाला, उद्याच्या डब्याची भेंडी धुऊन फडक्यावर पसरून ठेवली, तरी ते वाक्य काही जात नाही. चव घेण्याआधी तिला कसं कळलं? कळलं नव्हतंच. माझा चेहरा बघून तिने ते मला दिलं.

हिच्या जेवणाला ती असं म्हणत नाही. "आई, यात मीठ नाहीये." "आज पण दुधी?" "डाळ पातळ झालीय, मला नको." हिच्यासमोर ओठ काढून बसते, ताट पुढे सरकवते, ओरडा खाते, आणि मग त्याच पातळ डाळीत चपाती कुस्करून दोनदा मागून खाते. माझ्यासमोर पाहुण्यांकडे जेवायला आल्यासारखी सरळ बसते.

हिची दुसरी पाळी लागली की रात्रीचं जेवण माझं. परळच्या हॉस्पिटलातून वेळेवर सुटली तरी भांडुपला उतरून घरी पोचेपर्यंत साडेदहा होतात, आणि वेळेवर सुटणं वॉर्डात कुणाच्या हातात असतं? मी सहाच्या आत घरी असतो. मुलांना खाली शेजाऱ्यांकडून आणायचं, हातपाय धुवायचे, गृहपाठाला बसवायचं आणि कुकर लावायचा. आठच्या आत ताटं वाढली नाहीत तर धाकटा पेंगायला लागतो आणि मग त्याला भरवणं म्हणजे झोप आणि भूक या दोघांशी एकाच वेळी भांडणं. सध्या श्रावण, मासळी बंद. नाहीतर बांगड्याची तुकडी तव्यावर पडली की थोरली स्वतःच येऊन पाट मांडते. श्रावणात उरतं ते वरणभात, मुगाची खिचडी, पिठी, कधी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत सुक्या खोबऱ्याची चटणी. मला हे सगळं येतं. चांगलं येतं.

आजची पिठी खरंच चांगली झाली होती, म्हणून जास्त लागतंय. पीठ गावचं आहे. आईने कुळीथ भाजून, भरडून, टरफलं पाखडून दळून आणलंय, डबा उघडला की वास येतो. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात टाकलं की गोळ्याच्या बाहेरचं पीठ क्षणात फुगतं, आतलं कोरडं राहतं, आणि मग कितीही घोटा, गुठळ्या मोडत नाहीत. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, एकच हिरवी मिरची, तीही मुलांसाठी चिरून नाही तर नुसती मोडून. पाणी ओतून उकळी आली की कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं आणि पळी थांबवायची नाही. शेवटी कोकमाची दोन सोलं. आज रंग नेमका आला होता, पळीवरून सायीसारखी घरंगळत होती. मी मनात म्हणत होतो, आज बघू काय म्हणते. आणि ती न चाखताच म्हणाली. म्हणजे गुठळ्या असत्या तरी म्हणाली असती. भात करपला असता तरी म्हणाली असती.

हे तिने कुठून उचललं ते मला माहीत आहे. मजल्यावरच्या काकू जाता-येता दारात थांबतात, नाक वर करून वास घेतात आणि तिला म्हणतात, "नशीबवान गं तू, बाबा रांधून घालतात." मेव्हणी फोनवर तेच. शाळेच्या गेटवर कुठल्याशा आईने तेच. माझी आईसुद्धा एकदा तिला म्हणाली की बाबांना नावं ठेवायची नाहीत हं, दमून येऊन करतो तो. ही वॉर्डात आठ-नऊ तास उभी राहून येते आणि रविवारी सकाळी पाचाला उठून आंबोळ्यांचं पीठ आंबलंय का बघते, तिच्याबद्दल थोरलीला कुणी असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. आईने केलं की ते जेवण. बाबांनी केलं की उपकार. सहा वर्षांचं पोर हेच ऐकत असेल तर दुसरं काय शिकेल? उपकार करणाऱ्यासमोर मीठ कमी आहे असं म्हणत नाहीत.

मला यात कौतुक नको आहे. तिने तोंड वाकडं करावं, "शी" म्हणावं, हे मला हवंय. ते हिला मिळतं आणि मला मिळत नाही, आणि आज ओट्यापाशी उभं राहून मला त्याचं इतकं वाईट वाटलं की नळ सोडून नुसताच उभा राहिलो. रोज भांडुप स्टेशनबाहेर गर्दीत भाजी निवडायची, कोवळी भेंडी, धाकट्याला आवडतो म्हणून एकच लाल भोपळ्याचा तुकडा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, एका हातात छत्री, एका हातात पिशवी. हे सगळं करून मी घरात परका राहणार असेन तर मग... असो. नळ बंद केला. पाणी तसंही जाणारच होतं.

घरात ही रीत नव्हती, म्हणून कदाचित मला जास्त खुपतं. मी वाढलो ते लालबागच्या खोलीत. बाबांची गिरणी १८ जानेवारी १९८२ च्या संपात बंद पडली ती पडलीच. अडीच लाख लोकांबरोबर तेही घरी बसले. आईने मग जेवायला गडी ठेवले. तिची मावशी आधीपासून खाणावळ चालवायची, १९७५ साली निघालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या पहिल्या बायकांमध्ये ती होती. गिरणीवाल्यांना दोन वेळ रांधून घालणाऱ्या बायकांना तोवर बँका दारात उभं करत नव्हत्या, सावकाराकडूनच किराणा भरायचा. मंडळामुळे मावशीला कर्ज मिळालं आणि मोठी पातेली आली. त्यातलं एक आईकडे आलं. आमच्या खोलीत रात्री सहा-सात जण पंगतीला बसायचे, सगळे आमच्याच बाजूचे, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला. मी वाढलो तो त्या पंगतीच्या कडेला. मस्त झालंय असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आमटीत मीठ कमी असेल तर "वहिनी, मीठ" एवढंच. आई मीठ घेऊन यायची. चांगलं झालेलं असलं की कुणी काही बोलत नसे, भाताचं पातेलं लवकर संपायचं.

रात्री हिचा फोन येणार होता तो आला नाही, म्हणून आईला लावला. सांगितलं. हसली नाही, गप्प राहिली थोडी, मग म्हणाली, "तुझ्या बापाशीन पिठी केल्यान ती इसारलंस?"

विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, आणि तिने म्हटल्याबरोबर सगळी खोली समोर आली.

आजी आजारी म्हणून आई गावाला गेली होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, ही त्याआधीची गोष्ट. परळहून रात्रभर एसटी, सकाळी उतरून पुढे चालत. शाळा होती म्हणून मी मुंबईत बाबांजवळ. गडी तेवढे दिवस दुसरीकडे जेवायला गेले. बाबांना रांधता येत होतं. लग्नाआधी गावकऱ्यांच्या खोलीत राहिलेले, तिथे सगळ्यांना सगळं यायचं. पण संपानंतर त्यांनी चूल सोडली होती. का, ते कधी बोलले नाहीत, आणि आता विचारता येत नाही. त्या रात्री त्यांनी पिठी केली. पीठ उकळत्या पाण्यात घातलं असणार, कारण गुठळ्या होत्या, बोराएवढ्या, फोडल्या की आत कोरडं पीठ. ताट माझ्यापुढे ठेवून ते समोर बसले. स्वतःचं वाढून घेतलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, माझ्याकडे बघत.

आणि मी म्हणालो, "बरी झालीय, बाबा."

चाखून म्हणालो की आधी, हे आता मला आठवत नाही. आठवायचा फार प्रयत्न केला आज. त्यांचा चेहरा मात्र दिसतो. आई नव्हती, आजी जाणार असं मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत होती, बाबांची नोकरी तेव्हा वॉचमनची, रात्रपाळीची, मला शेजारी ठेवून जायचे. मला त्या पिठीचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी असंच समोर बसून राहावं, उद्याही करावं, ताट ठेवून निघून जाऊ नये. बरी झालीय म्हटलं की ते राहतील असं मला वाटलं होतं. ते खोटं नव्हतं. मी त्यात उपकार वगैरे काही मोजत नव्हतो. मी सगळ्या गुठळ्या खाल्ल्या, आणि बाबांनी मग स्वतःचं वाढून घेतलं.

आईला एवढं सगळं कसं माहीत, ती तर गावाला होती? बाबांनी सांगितलं असणार. म्हणजे त्यांनाही कळलं होतं, माझं ते "बरी झालीय". त्यांच्याही डोक्यातून गेलं नव्हतं. इतकी वर्षं.

हे लिहिताना मन हलकं झालंय हे खरं, तरी काकूंचं नशीबवान-नशीबवान मला आवडत नाही ते नाहीच. उद्या दारात थांबल्या तर सांगणार आहे की काकू, घरातलं काम आहे, दोघांचं आहे, पोरीला असलं काही सांगू नका. गोडीत सांगेन. त्या हिच्या बाळंतपणात रोज डिंकाचे लाडू घेऊन येत होत्या, मी त्यांच्याशी वाकडं बोलणार नाही. आणि थोरलीसमोर हिच्या जेवणाचं नाव काढत जाईन, मोठ्याने, रोज. रविवारच्या आंबोळ्यांना मी कधी काही म्हणतो का? पातेलं रिकामं करतो. लालबागची सवय.

थोरलीने काय मनात धरून म्हटलं असेल? आई रात्री घरी नसते, तिसऱ्या पाळीत तर सकाळीच दिसते. घरात रात्री मीच. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय दिसलं असेल आज? दमलोय, एवढं तर दिसतंच. ऑफिसातलं ते प्रकरणही चालू आहे, ते मुलांना कळू दिलेलं नाही, पण कळत नसेल असं कोण सांगणार. तिने बघितलं आणि तिच्याजवळ जे होतं ते दिलं. धाकटा देत नाही, तो तीन वर्षांचा आहे, त्याला लसूण दिसतो. त्याच्या त्या लसणाच्या ओळीकडे मी आज पुन्हा एकदा जाऊन बघितलं, अजून तशीच होती, मग उचलली.

पावणेअकराला ही आली. पावसाने गाड्या रखडल्या होत्या, दादरनंतर नुसती उभीच. पिठी घट्ट झाली होती, गार झाली की होतेच. जरा पाणी घालून उकळून दिली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "सोलं दोन टाकलीस? तीन चालली असती." मग सगळी संपवली. तिला काही सांगितलं नाही. सांगेन शनिवारी.

आवाजाने थोरली उठून आली, डोळे चोळत, आईच्या कुशीत जाऊन बसली आणि तिथूनच मला म्हणाली की उद्या घावणे कर. मी म्हटलं, करतो. "आई करते तसे. जाळीचे. आणि नारळाचा रस, गूळ घालून. चटणी नको." बरं. "जाळी नाही पडली तर मी नाही खाणार," असं म्हणून परत झोपायला गेली.

जुना तांदूळ भिजत घातलाय. नवा घावण्यांना चालत नाही, पीठ चिकट होतं आणि जाळी धरत नाही. नारळ घरात आहे, गूळही. बिडाचा तवा माळ्यावर पडलाय कित्येक दिवस, तो सकाळी काढून घासून तेल लावून ठेवायचा, आणि संध्याकाळी टाकायच्या आधी चांगला धूर येईपर्यंत तापवायचा, नाहीतर पहिले दोन-तीन निघणारच नाहीत.