गायिका न्यू जर्सीत, रेकॉर्डिस्ट पुण्यात: रीपर आणि सोनोबसची मांडणी

लांबून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की सगळे आधी लॅटन्सीच्या, म्हणजे आवाज पोचायला लागणाऱ्या विलंबाच्या, मागे लागतात. तिथे फारसं काही हाती लागत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी नाकासमोर टाकली असती तरी एका दिशेने ६२ मिलिसेकंद लागलेच असते, आणि केबल काही नाकासमोर जात नाही. एकत्र गाता-वाजवताना २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे लय ओढली जायला लागते. पुणे-मुंबई असेल तर जॅमुलस किंवा जॅकट्रिप ही लांबून एकत्र वाजवायची सॉफ्टवेअर घेऊन प्रयत्न करा. समुद्रापलीकडे तो नादच नको.

त्याऐवजी गायिकेच्याच कॉम्प्युटरला स्टुडिओ करायचं. म्युझिक ट्रॅक तिथेच वाजतो, आवाज तिथल्याच डिस्कवर रेकॉर्ड होतो. तुम्ही इथून फक्त स्क्रीन चालवता आणि ऐकता. इंटरनेट मधेच अडखळलं तर तुमच्या कानाला खडखड ऐकू येते, पण फाइल शाबूत राहते.

स्क्रीन लांबून चालवायला एनीडेस्क किंवा पार्सेक पुरतं. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप टाळा: त्याने जोडलं की समोरची स्क्रीन लॉक होते, गायिकेला शब्द दिसेनासे होतात, आणि शिवाय ऑडिओ डिव्हाइस इकडे वळवलं जातं. समोर मॅक असेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अॅक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या तिनेच द्यायच्या आहेत. सत्राच्या आदल्या दिवशीच द्यायला सांगा.

स्क्रीन दिसते, मीटर हलतात, आवाज मात्र येत नाही, ही तक्रार जवळपास ठरलेली. रीपर, म्हणजे तिच्याकडचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हरवर चालत असतं आणि ते सहसा विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट ऑडिओ इंटरफेसकडे (माइक आणि हेडफोन जोडायचं उपकरण) जातं. स्क्रीन शेअर करणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरमधून आवाज उचलतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला शांतता येते. म्हणून आवाजाचा रस्ता वेगळा ठेवायचा. इंटरनेटवरून थेट आवाज पाठवणारं सोनोबस फुकट आहे आणि प्लगइन म्हणून थेट रीपरमध्ये बसतं. तुमच्याकडे त्याचंच साधं अॅप उघडा, दोघांनी एकाच ग्रुपचं नाव आणि पासवर्ड टाकला की झालं.

आता रीपरमधली जोडणी. एकूण चार ट्रॅक लागतात. 'म्युझिक' हा नेहमीसारखा मास्टरला, म्हणजे तिच्या हेडफोनकडे जाणाऱ्या मुख्य आउटपुटला, जातो. 'टेक' या ट्रॅकवर माइकचं इनपुट, आर्म केलेला (म्हणजे रेकॉर्डिंगला तयार), पण रेकॉर्ड मॉनिटरिंग (येणारा आवाज लगेच ऐकवणं) बंद. तिसरा 'माइक': इनपुट तेच, आर्म केलेला, मॉनिटरिंग चालू, रेकॉर्ड मोड मात्र 'डिसेबल, इनपुट मॉनिटरिंग ओन्ली', आणि मास्टर सेंड (मास्टरकडे जाणारी आवाजाची वाट) बंद. या तिघांवरून चौथ्या 'बाहेर' नावाच्या ट्रॅकला सेंड द्या आणि सोनोबस त्या 'बाहेर'वर लावा. त्याचा मास्टर सेंड चालूच राहू द्या, पण सोनोबसमधला मॉनिटरचा स्लायडर शून्यावर आणा. आता गायिकेला म्युझिक आणि तुमचं बोलणं ऐकू येतं. स्वतःचा आवाज ती इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐकते, म्हणजे विलंबाचा प्रश्नच नाही. तुम्हाला म्युझिक, तिचा चालू आवाज आणि नंतर टेकचा प्लेबॅक, सगळं मिळतं. फायनल मिक्स रेंडर करण्याआधी 'बाहेर' म्यूट करायला विसरू नका.

'माइक' आणि 'टेक' वेगळे न करता एकाच ट्रॅकवर मॉनिटरिंग चालू केलं, तर तिला स्वतःचा आवाज दोनदा येतो, एकदा थेट आणि एकदा कॉम्प्युटरच्या बफरमधून, थोडा उशिरा. सूर पकडायला त्याहून वाईट गोष्ट नाही.

ऑडिओच्या प्रेफरन्सेसमध्ये दोन गोष्टी बघा. 'रन एफएक्स व्हेन स्टॉप्ड' चालू हवं, नाहीतर गाणं थांबलं की सोनोबसही थांबतं आणि तुमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही. 'क्लोज ऑडिओ डिव्हाइस व्हेन स्टॉप्ड अँड अॅप्लिकेशन इज इनॅक्टिव्ह' बंद हवं, कारण तिने शब्दांची पीडीएफ उघडली रे उघडली की लाइन गप्प.

सोनोबसमध्ये तिच्याकडून येणारा आवाज पीसीएम २४ बिटवर (म्हणजे कॉम्प्रेस न करता) ठेवला तर ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला सुमारे २.३ एमबीपीएस लागतात, वर थोडी भर पॅकेटची. तेवढं अपलोड स्थिर नसेल तर कॉम्प्रेस्ड पर्याय घ्या, ऐकण्यापुरता तो पुरेसा आहे. जिटर बफर (पॅकेट मागेपुढे आली तरी आवाज सलग राहावा म्हणून ठेवलेली उसंत) बिनधास्त २०० मिलिसेकंद ठेवा. एकत्र वाजवायचंच नाही, तर तो कमी करण्याची हौस कशाला? दोन्हीकडे लॅन केबल मात्र हवी. जोडणीच होत नसेल तर बहुतेक वेळा प्रोव्हायडरचा सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच इंटरनेट पत्ता) किंवा मोबाइल हॉटस्पॉट आड येतो. टेलस्केलसारखं व्हीपीएन दोन्हीकडे टाकलं की सहसा मार्ग निघतो. सोनोबसचा आवाज स्वतःहून एन्क्रिप्ट होत नाही, त्यामुळे प्रकाशित न झालेल्या गाण्यासाठी व्हीपीएन तसंही बरं.

बोलायला वेगळा व्हिडिओ कॉल लावलात तर त्याचं नॉइज सप्रेशन बंद करा. सतत एकसारखा वाजणारा तानपुरा त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो निमूटपणे कापून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' त्यासाठीच आहे.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) आधी तपासा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजली तर पट्टी जवळपास दीड सेमीटोन चढते. काळी एकची गायिका पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येईल. इंटरफेसवरचं गेनचं (माइकचा आवाज वाढवायचं) बटण तुम्हाला इथून फिरवता येत नाही. तार सप्तकातली सगळ्यात जोरकस जागा गायला सांगून पीक उणे १० डीबीच्या आसपास येईल असं तिच्याकडून लावून घ्या आणि मग त्याला हात लावू देऊ नका.

स्ट्रीमवर ऐकून लयीबद्दल शेरा मारू नका. 'माइक'वरून येणारा आवाज म्युझिकच्या मागे असतो, कारण तिच्या इंटरफेसचा जाऊन-येऊन विलंब त्यात शिरतो. बफर १२८ सॅम्पल असला तरी तो १० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो. रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये रीपर ते भरून काढतं, म्हणून आधी टेक वाजवून ऐका, मग बोला.

शेवटी 'सेव्ह प्रोजेक्ट अॅज' करताना 'कॉपी ऑल मीडिया'वर खूण करा आणि पूर्ण फोल्डर मागवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी, पाच मिनिटांचे सहा टेक २६० एमबीच्या आत बसतात. १० एमबीपीएस अपलोडवर साडेतीन-चार मिनिटांचं काम. फाइल इथे उघडून वाजेपर्यंत तिला कॉम्प्युटर बंद करू देऊ नका.